पाणी समितीतली जागा आणि अडवलेला ठराव: एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या डोंगराळ तालुक्यातलं हे गाव. ओढ्याच्या काठी गावठाण, पलीकडे शेतात एक लहान वस्ती, आणि डांबरी रस्ता संपतो तिथे टेकाडावर एक वाडी. या लेखापुरतं तिला वरची वाडी म्हणू. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही गाळले आहेत.

गावात जुनी नळपाणी योजना होती, पण तिचं पाणी वरच्या वाडीला कधी चढलंच नाही. वाडीतल्या बायका झऱ्यावर जायच्या. होळीनंतर झरा आटला की टँकरची वाट बघायची. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. घरटी नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे त्याचं उद्दिष्ट. पुढे या गावालाही नवी विहीर, गावठाणाच्या बाजूच्या टेकडीवर साठवण टाकी आणि घरोघर नळ असं काम मंजूर झालं. अंमलबजावणी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे आणि प्रत्यक्ष काम ठेकेदाराकडे.

या सगळ्यात गावाच्या बाजूने उभी असते ती ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. लोक तिला नुसतं ‘पाणी समिती’ म्हणतात. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती १० ते १५ जणांची असावी. त्यात ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य जास्तीत जास्त २५ टक्के, निम्म्या महिला आणि उरलेले दुर्बल घटकांतले, त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे कधीही निवडणूक न लढवलेल्या रहिवाशांसाठी यात तीन-चतुर्थांश जागा आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचं पाणी हा पंचायतीचा विषय म्हणून नोंदलेला आहे. त्या विषयात सामान्य माणसाला खुर्ची मिळते ती इथे.

गावपातळीवर अशा खुर्च्या आणखीही आहेत. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. जैवविविधता समिती आहे, वनहक्क समिती आहे. महानगरपालिकांत प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि लोकसंस्थांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. बहुतेकांना यातली एखादीच समिती नावाने माहीत असते, आणि आपल्या गावात तिच्यावर कोण आहे हे विचारलं तर उत्तर मिळत नाही.

सभासद असल्याचं फोनवरून कळलं

या प्रकरणातल्या ताई वरच्या वाडीतल्या. शिवणकाम करतात आणि बचत गटाच्या सचिव म्हणून अनेक वर्षं हिशेब लिहितात. एका ऑगस्टमध्ये त्यांना तालुक्याहून फोन आला: पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण आहे, तुम्ही समितीच्या सभासद आहात, या. मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना हे प्रशिक्षण द्यायचं असतं. आपण कुठल्या समितीच्या सभासद आहोत, हे ताईंना त्या फोनवर पहिल्यांदा कळलं.

समिती कागदावर तयार झाली होती ती दोन वर्षांपूर्वी, योजनेचा प्रस्ताव पाठवताना. यादीत निम्म्या बायका दाखवणं भाग होतं. ग्रामपंचायतीच्या शिपायाने घरोघर फिरून आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा केल्या आणि एका कागदावर सह्या घेतल्या. ताईंना आठवत होतं त्याप्रमाणे ती सही ‘नळाच्या फॉर्मवर’ होती. असं फक्त याच गावात झालेलं नाही. महिलांची संख्या भरण्यासाठी नावं घालणं ही सर्रास पद्धत आहे आणि ती अतिशय वाईट आहे. पण अशा नावालाही कायद्याने तेवढंच वजन असतं, जेवढं ग्रामसभेत हात वर होऊन निवडलेल्या नावाला. हे प्रकरण सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

निर्णयाचा पहिला टप्पा इथेच आला. घरचे म्हणत होते, नाव काढून टाक, उद्या काही झालं तर सही तुझी. भीती अगदीच निराधार नव्हती. योजनेच्या लोकवर्गणीचं खातं समितीच्या नावाने असतं आणि कागदांवर सभासदांच्या सह्या लागतात. ताईंनी नाव काढलं नाही, पण प्रशिक्षणाला जायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन भाऊसाहेबांकडे (ग्रामसेवकांना तिकडे असंच म्हणतात) लेखी अर्ज दिला: समिती स्थापनेच्या ठरावाची आणि सभासदांच्या यादीची नक्कल मिळावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. बचत गटात बँकेशी व्यवहार करताना लागलेली ही सवय होती.

नक्कल मिळाली. यादीत बारा नावं, सहा महिला. त्यातल्या चौघींचे नवरे एक तर ग्रामपंचायतीचे सदस्य होते नाही तर माजी सदस्य. अध्यक्ष सरपंच, सचिव भाऊसाहेब. बैठकांच्या प्रोसिडिंग बुकात (बैठकीचा वृत्तांत आणि ठराव लिहायची वही) ताईंची ‘उपस्थिती’ होती आणि पुढे सह्या होत्या, त्यांच्या नसलेल्या.

खोट्या सह्यांची तक्रार तिथल्या तिथे करता आली असती. ताईंनी केली नाही. त्यांनी पुढच्या बैठकीची लेखी सूचना आपल्याला मिळावी असा दुसरा अर्ज दिला आणि बैठकीला जाऊन बसल्या. तक्रार केली असती तर जुनी समिती बरखास्त होऊन नवी बनली असती आणि नव्या यादीत वरच्या वाडीचं नाव आलंच असतं याची खात्री नव्हती. मला हा हिशेब पटतो. मात्र सह्यांचा प्रश्न तेव्हा सोडून दिल्याची किंमत पुढे मोजावी लागली, ती शेवटी येते.

अडचण

दिवाळीपर्यंत वाडीत नळ उभे राहिले. सिमेंटच्या ठोकळ्यात पाइप, त्याला तोटी, ठोकळ्यावर निळा रंग. फोटो काढले गेले. डिसेंबरात चाचणीच्या दिवशी पाणीही आलं आणि बायकांनी तोटीला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं. मग कधी दिवसाआड अर्धी बादली, कधी करंगळीएवढी धार. चाचणीच्या दिवशी गावठाणातले सगळे नळ बंद ठेवले होते, हे नंतर समजलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात २६ जानेवारीच्या ग्रामसभेची नोटीस लागली. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता: जलजीवन मिशन अंतर्गत योजना पूर्ण झाल्याबाबत ठराव घेणे व योजना हस्तांतरित करून घेणे.

हा ठराव म्हणजे काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे. ‘हर घर जल’ गाव म्हणून आधी विभागाकडून नोंद होते, पण ते प्रमाणित होतं ते ग्रामसभेने तसा ठराव केल्यावर. घरोघर पुरेसं पाणी येतं असं गावानेच लिहून द्यायचं असतं. हस्तांतरण झालं की वीजबिल, दुरुस्ती, व्हॉल्व सोडणाऱ्याचा पगार, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर हे सगळं ग्रामपंचायतीच्या अंगावर येतं. ठेकेदाराच्या अखेरच्या बिलाचा मार्ग मोकळा होतो. त्यानंतर ‘वाडीला पाणी येत नाही’ ही ग्रामपंचायतीची अडचण होते. ठेकेदाराला किंवा विभागाला तिचं उत्तर द्यावं लागत नाही.

समितीची बैठक ग्रामसभेच्या आठ दिवस आधी झाली. गावठाणात पाणी उत्तम येत होतं, त्यामुळे बहुतेकांच्या दृष्टीने काम झालंच होतं. सरपंच वाईट माणूस नव्हते. तालुक्याच्या आढावा बैठकीत ‘तुमच्या गावाचा ठराव कधी देताय’ असं त्यांना दर पंधरा दिवसांनी ऐकावं लागत होतं, आणि ठराव अडला तर इतर कामं मागे पडतील अशी त्यांना खरोखर भीती होती. बैठकीला ठेकेदारही आला होता. तो म्हणाला, “वहिनी, ठराव होऊन जाऊ द्या. आठ दिवसांत माणूस पाठवून तुमचं करून देतो.”

समोर असलेले पर्याय

ताईंनी वाडीतल्या बायकांना मारुतीच्या देवळात बोलावलं. वाडीची ही चर्चा चांगली दोन तास चालली.

पहिली वाट सोपी होती: ठेकेदाराच्या शब्दावर ठराव होऊ द्यायचा. वाडीतल्या दोन वयस्क माणसांचं मत असंच होतं. त्यांचं म्हणणं, माणूस दुखावला तर आठ दिवसांतसुद्धा येणार नाही. पण ठराव झाल्यावर त्याला यायला लावणारं काहीच हातात उरत नव्हतं.

तरुण पोरांना ग्रामसभेवर बहिष्कार टाकायचा होता. वर्तमानपत्रात बातमी येईल, साहेब धावत येतील. ही वाट मोहाची असते आणि कधीकधी उपयोगी पडतेही, पण इथे ती उलटली असती. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी कमी असेल ती. गावठाणातून शंभर माणसं सहज जमतात. समजा नाही जमली आणि सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते. वरच्या वाडीने घरी बसायचं म्हणजे ठराव एकमताने मंजूर होण्याची सोय करून द्यायची.

जिल्हा परिषदेकडे थेट तक्रार करायची, माहिती अधिकारात अंदाजपत्रक मागायचं, हाही एक मार्ग होता. अर्जाला १० रुपये आणि उत्तरासाठी ३० दिवस. ग्रामसभा मात्र आठ दिवसांवर.

कुणीतरी राजीनाम्याचंही सुचवलं. ठराव झाला तरी त्यावर वाडीची सही नको, म्हणून. ताईंनी ते लगेच बाजूला सारलं.

राहिला तो मार्ग कटकटीचा होता: ठराव अडवायचा नाही, ठरावाची भाषा बदलायची. जेवढं झालं तेवढं झालं म्हणायचं, जे नाही ते नाही म्हणून त्याच ठरावात लिहायला लावायचं आणि हस्तांतरण त्याला बांधून टाकायचं. यासाठी सभेत बोलून भागणार नव्हतं. ‘पाणी येत नाही’ याला ‘येतं की, परवा आलं होतं’ हे उत्तर तयारच होतं. आकडा हवा होता.

काय केलं

त्या आठ दिवसांत बायकांनी पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन नळ मोजले. वाडीतले तीन, वाटेवरचा एक आणि गावठाणातला टाकीजवळचा एक. पद्धत ताईंनी ठरवली: एकच बादली, तोटी पूर्ण उघडी, रोज पाणी सुटल्यावर पाच मिनिटांनी मोजायला सुरुवात, आणि वहीत वेळ लिहून त्या घरच्या बाईची सही. बचत गटाचीच वही, मागच्या पानापासून.

टाकीजवळच्या नळाला बादली चाळीस सेकंदांत भरत होती. वाडीतल्या शेवटच्या घरी पाणी आलंच तर सहा मिनिटं लागत होती, आणि सप्ताहातले तीन दिवस ते आलं नाही. पाणी पाऊण तास सुटायचं. म्हणजे शेवटच्या घराला चांगल्या दिवशी सात-साडेसात बादल्या, ११० लिटरच्या आसपास. त्या घरात सहा माणसं. माणशी ५५ लिटरने त्यांना ३३० लिटर हवं. हे गणित वहीच्या एका पानावर मावलं आणि पुढे प्रत्येक साहेबाने तेच पान बघितलं.

मोजणीत दुसरी गोष्ट सापडली. टाकीपासून निघालेली वाहिनी आधी सगळ्या गावठाणातून जात होती, आणि तिच्या शेवटच्या टोकाला टी (पाइपाला फाटा काढायचा जोड) बसवून तिथून वाडीकडे पाइप चढवला होता. खालचे नळ उघडे असताना पाणी आधी तिकडे पळणार, वर चढायला दाब राहणारच नाही. त्यात गावठाणातल्या काही घरांनी नळाला टिल्लू मोटर (नळातून पाणी ओढून घेणारा छोटा पंप) लावलेली. हे असंच आखलेलं होतं का? ताईंनी समितीच्या सभासद म्हणून अंदाजपत्रक आणि नकाशा बघायला मागितला. भाऊसाहेब म्हणाले तालुक्याला असतो. तालुक्याला गेल्या तर शाखा अभियंता सुट्टीवर. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका क्लार्कने नकाशा टेबलावर पसरून दाखवला. नकाशात वरच्या वाडीसाठी टाकीपासून थेट, रस्त्याच्या कडेने जाणारी स्वतंत्र वाहिनी आणि स्वतंत्र व्हॉल्व होता. रस्त्याकडेला खडक लागतो. ती वाहिनी टाकलीच नव्हती.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावर होते. ताईंनी ती २५ तारखेला प्रत्यक्ष भरवायला लावली. इथे निर्णयाचा सगळ्यात नाजूक टप्पा आला, कारण सभेला गावठाणातल्याही बायका होत्या. त्यांच्या दारात पाणी होतं, आणि स्वतंत्र वाहिनी झाली तर व्हॉल्व फिरवून पाणी वाटून द्यावं लागणार, आपला वेळ कमी होणार, हे त्यांना कळत होतं. एक बाई उघड म्हणाल्या, “तुमच्यापायी आमचं का अडवता?” ताईंनी वाद घातला नाही. वहीचं पान वाचून दाखवलं आणि विचारलं, हस्तांतरण झाल्यावर वीजबिल भरायला पाणीपट्टी कोण देणार? वाडी सुकी राहिली तर वाडी देणार नाही, मग बिल गावठाणावरच येईल. हा मुद्दा पटला, निदान काहींना. महिला सभेचा ठराव झाला: वरच्या वाडीला अंदाजपत्रकाप्रमाणे स्वतंत्र वाहिनी झाल्याशिवाय योजना ताब्यात घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सहाव्या विषयावर भाऊसाहेबांनी लिहून आणलेला ठराव वाचला: “…योजनेचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असून गावातील सर्व कुटुंबांना नळाद्वारे पाणीपुरवठा सुरू आहे.” सूचक आणि अनुमोदकाची नावंही आधीच ठरलेली होती. ताई उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, ‘सर्व’ शब्द लिहायच्या आधी महिला सभेचा ठराव वाचा.” नियमाने तो वाचावाच लागला. तिथून अर्धा तास आवाज चढले. ठेकेदाराचा माणूस मधेच बोलू लागला तेव्हा एका म्हाताऱ्याने त्याला तुम्ही या गावचे मतदार आहात का असं विचारलं आणि तो खाली बसला.

शेवटी जो ठराव लिहिला गेला त्यात चार गोष्टी होत्या. गावठाण आणि खालच्या वस्तीचं काम झालं आहे. वरच्या वाडीची अंदाजपत्रकातली स्वतंत्र वाहिनी झालेली नाही. ती होऊन सलग पंधरा दिवस शेवटच्या नळाला मोजून पाणी मिळेपर्यंत हस्तांतरण घेऊ नये. आणि मोजणी पाणी समितीने, वरच्या वाडीतल्या दोन महिलांसह करावी. सरपंचांनी शेवटची ओळ स्वतः सुचवली. त्यांच्याही डोक्यावरचं ओझं त्यामुळे उतरत होतं, कारण आता तालुक्याला सांगायला लेखी कारण होतं. सही करण्याआधी ताईंनी प्रोसिडिंग बुकातला मजकूर पूर्ण वाचला, खाली मोकळी राहिलेली जागा तिरपी रेघ मारून बंद करायला लावली आणि बुकाचा मोबाइलवर फोटो काढला.

निकाल

पुढचं सगळं सरळ झालं नाही. ठेकेदाराने आधीची बिलं थकल्याचं कारण सांगून उन्हाळा घालवला. वाडीने तो उन्हाळा पुन्हा टँकरवर काढला आणि ‘ठराव दिला असता तर निदान करंगळीएवढी धार तरी होती’ असं बोलणारे वाडीतच निघाले. गावठाणातल्या दोघी बचत गटातून बाहेर पडल्या. समितीवर काम करायला निघालेल्या माणसाला हे आधी कुणी सांगत नाही. पद मानाचं म्हणून मिळतं आणि त्याचा त्रास शेजारापाजारात सोसावा लागतो. ताईंच्या शिवणकामाची काही गिऱ्हाइकं तुटली, ती अजून परत आलेली नाहीत.

मे महिन्यात उपअभियंता आले. वहीचं पान, ठराव आणि नकाशा एकत्र समोर असल्यामुळे जागेवर फार बोलावं लागलं नाही. पावसाळ्यात खोदाई शक्य नव्हती. दसऱ्यानंतर खडक फोडून स्वतंत्र वाहिनी टाकली गेली. डिसेंबरात समितीने पंधरा दिवस मोजणी केली. शेवटच्या नळाला बादली दीड मिनिटात भरू लागली, म्हणजे पाऊण तासात तीस बादल्या, ४५० लिटर. २६ जानेवारीला, बरोबर एक वर्षाने, हस्तांतरणाचा ठराव झाला. टिल्लू मोटरींचा प्रश्न सुटला नाही. समितीने दोन काढल्या, त्यातली एक पुन्हा लागली.

मोजणीच्या ओघात समितीच्या कामाचा दुसरा भागही सुरू झाला. प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे ताई वाडीच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करू लागल्या. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, आणि रंगपट्टीशी ताडून तो किती आहे ते कळतं. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. टाकीजवळ रंग येत होता, वाडीत पाणी पांढरंच राहत होतं. जलसुरक्षक मापाने पावडर टाकत होता, त्याची चूक नव्हती. टीसीएलची गोणी तोंड उघडी ठेवून पंपघरात ओलीला पडली होती. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि हवा, ओल लागली की तो उडत जातो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायला योग्य धरत नाहीत. गोणीऐवजी झाकणाचे प्लास्टिकचे डबे आले आणि ते ग्रामपंचायतीच्या कोरड्या खोलीत ठेवायचं ठरलं. खर्च किरकोळ होता आणि त्यासाठी कुणाशी भांडावं लागलं नाही. समित्यांचं बरंचसं चांगलं काम असंच, कुणाच्या लक्षात न येणारं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी हुकली ती खोदाईच्या वेळी. चर उघडा असताना पाइप कुठून जातोय, किती खोल आहे, कुठल्या जाडीचा आहे हे कुणालाही दिसतं. तेव्हा नकाशा समितीच्या हातात असता, तर टी बसवला त्याच दिवशी काम थांबवता आलं असतं आणि एक पूर्ण उन्हाळा वाचला असता. काम सुरू होण्याआधीच समितीने अंदाजपत्रकाची आणि नकाशाची नक्कल मागून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. ताईंना सभासदत्व कळलं तेव्हा खोदाई संपत आली होती, त्यामुळे हा दोष त्यांचा नाही. दोष सभासदांना न कळवता समिती बनवण्याच्या पद्धतीचा आहे.

खोट्या सह्यांचं प्रकरण बाजूला ठेवलं, त्याचा फटका उन्हाळ्यात बसला. शाखा अभियंत्याने दाखवलेल्या एका जुन्या बैठकीच्या प्रोसिडिंगमध्ये वाडीसाठी ‘पर्यायी आखणी’ला समितीने संमती दिल्याचं लिहिलं होतं आणि खाली ताईंची ती सही होती. ती आपली नव्हे हे पटवण्यात दोन महिने गेले. तक्रार करायची नसली तरी नक्कल मिळाली त्याच दिवशी ‘या तारखांच्या बैठकांना मी हजर नव्हते, सह्या माझ्या नाहीत’ एवढं एका ओळीचं पत्र देऊन पोच घ्यायला हवी होती. त्याने कुणाचं पद गेलं नसतं, आणि ताईंचा बचाव झाला असता.

अधिकाऱ्यांच्या पहिल्या भेटीतलं बोलणं तोंडीच राहिलं, हीदेखील उणीव. फेब्रुवारीत एक अभियंता येऊन ‘महिन्यात करून देऊ’ म्हणून गेला आणि पुढे भेट झाल्याचंच नाकारलं गेलं. ग्रामपंचायतीत भेटपुस्तिका असते. आलेल्या साहेबाला तिच्यात दोन ओळी लिहायची विनंती करायला कुणाची परवानगी लागत नाही.

गावठाणातल्या बायकांशी बोलणं मात्र मला सगळ्यात जास्त चुटपुट लावतं. मोजणी वाडीच्या बायकांनी केली, तीही गावठाणातला एकच नळ धरून. तिथल्या दोन-तीन बायकांना पहिल्या दिवसापासून बादली घेऊन वर नेलं असतं, तर महिला सभेत ‘तुमच्यापायी’ हा शब्द कदाचित आला नसता. तेव्हा आठच दिवस होते हे खरं. पण समितीची बैठक दर महिन्याला झाली असती तर आठ दिवसांवर वेळ आली नसती.

राहिला प्रश्न पुढच्या समितीचा. ग्रामपंचायत निवडणुकीनंतर गावात समिती नव्याने बनवली जाते, आणि नावं पहिल्या ग्रामसभेत, बहुतेकदा सभा संपत आल्यावर घाईत वाचली जातात. कुणाला समितीवर यायचं असेल तर गावच्या मतदार यादीत नाव असावं, ग्रामसभेच्या नोटिशीत ‘समिती पुनर्रचना’ हा विषय आहे का ते बघावं, नसेल तर तो घ्यावा म्हणून सभेआधी लेखी द्यावं, सभेत आपलं नाव सुचवणारा आणि अनुमोदन देणारा माणूस ठरवून जावा आणि नाव प्रोसिडिंगमध्ये लिहिलं गेलं हे बघूनच उठावं. वरच्या वाडीने देवळात बसून दोन नावं आधीच ठरवली आहेत. त्यातली एक मुलगी बारावी शास्त्र शाखेची आहे आणि ताई तिला आतापासून ओटी टेस्ट शिकवत आहेत. दुसरा मुलगा टिल्लू मोटरींची यादी करतोय.